काच आतून धूसर होते

डिसेंबरातली पहाट, साडेपाचचा सुमार. नागपूरहून निघालेली एक मोटार समृद्धी महामार्गावर कारंजा मागे टाकून मालेगावच्या दिशेने चालली आहे. आत पाच माणसं. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं सकाळचं दर्शन गाठायचं म्हणून सगळी आंघोळी उरकून निघालेली. केस अजून ओले आहेत. गारठा सोसत नाही, म्हणून चारही काचा घट्ट वर. मागच्या सीटवर आजी शालीत गुरफटून णमोकार मंत्राचा जप करताहेत, शेजारी नात खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी गिरवते आहे. आणि चालक पुढे वाकून, डोळे बारीक करून म्हणतो, ''काकाजी, समोरचं काही दिसून नाही राहिलं. फडकं द्या बरं जरा.''

काकाजी फडकं देतात. चालक काच पुसतो. दोन मिनिटं रस्ता लख्ख दिसतो आणि मग पुन्हा तेच. पलीकडच्या पट्ट्यातून येणाऱ्या ट्रकचे दिवे पडले की अख्खी काच दुधासारखी पांढरी होते.

गाडीतल्या प्रत्येकाला वाटतं, बाहेर धुवारी, म्हणजे दाट धुकं, पडली आहे. वाशिम, बुलडाणा, अकोल्याच्या पट्ट्यात हा शब्द काळजीचा. फुलोऱ्यातल्या तुरीवर धुवारी उतरली की फूल गळतं, आणि शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब हलतो. त्यामुळे न दिसण्याचा दोष आपसूक बाहेरच्या रात्रीवर जातो. पण कोणी खिडकीची काच चार बोटं खाली केली, तर कळेल की बाहेर हवा निवळ आहे, आभाळात तारे आहेत, दूरच्या शेतातला विजेचा दिवासुद्धा स्पष्ट दिसतो आहे. काच धूसर झाली आहे ती आतून.

हिशेब साधा आहे. माणूस नुसत्या श्वासावाटे दिवसाकाठी साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो, म्हणजे तासाला १५ ग्रॅमच्या आसपास. पाच माणसांचं अर्ध्या तासाचं पाणी झालं ३५ ग्रॅमहून अधिक. अंगातून निघणारी वाफ वेगळी, ओल्या केसांची आणखी वेगळी. मोटारीच्या पोटात हवा मावते ती सुमारे ३ घनमीटर. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा ३० ग्रॅम वाफ सहज पेलते. १० अंशांना तिची ऐपत ९.४ ग्रॅमवर येते. बाहेर पारा दहाच्या आसपास उतरलेला, त्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने काचेवर आदळणारा वारा तिला सतत गार करत असतो. आतल्या ऊबदार हवेचा जो थर काचेला टेकतो, त्याला एवढी वाफ पेलवत नाही. जास्तीची वाफ थेंब होऊन काचेवर बसते. त्या थेंबांत चालकाचा श्वास आहे, झोपलेल्या पोराचा आहे, आणि आजींच्या जपातल्या प्रत्येक अक्षराचाही आहे.

नजरेवर येणारा पडदा येतो कुठून? भारतीय धर्मविचाराने या प्रश्नावर फार जुन्या काळापासून डोकं शिणवलं आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे कागदावर तो अगदी तरुण. पण या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं या भूमीच्या ओळखीची आहेत. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची लेणी बहरली; सोळाव्या लेण्यातला शिलालेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे. त्या लेण्यांत बसून ध्यान करणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेत एक जुनं वचन होतं. त्याचा आशय असा की, चित्त मुळात तेजस्वी आहे आणि त्याला मळवणारे क्लेश आगंतुक आहेत. आगंतुक म्हणजे पाहुणे. आले तसे जातील. घर त्यांचं नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, काम ज्ञानाला कसा झाकतो हे सांगताना, एकाच श्लोकात तीन दाखले येतात: धुराने झाकलेला अग्नी, मळाने झाकलेला आरसा आणि वारेने वेढलेला गर्भ. अनेकांनी त्यांत आवरणाची चढती भाजणी पाहिली: धूर विरळ, मळ घट्ट, वार त्याहून घट्ट. नीट पाहिलं तर तिथे आणखी एक भेद दडला आहे. आरशावरची धूळ बाहेरून येते. धूर मात्र अग्नीचाच असतो. विस्तव पेटला नसता तर तो झाकलाही गेला नसता. आणि वार ही गर्भाला जगवणारी गोष्ट आहे. झाकणारं सगळं एका जातीचं नाही, एवढं तरी हा श्लोक सांगून जातो. त्या तिघांतला धूर मोटारीच्या काचेच्या सर्वांत जवळचा.

पण या विषयावर सर्वांत बारीक, जवळजवळ कारागिराच्या चिकाटीचं काम केलं ते जैन विचारवंतांनी. आणि तो विचार वाशिमला परका नाही. कारंजा लाडमध्ये काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण अशा तीन भट्टारक परंपरांची मंदिरं आहेत, आणि तिथल्या ग्रंथभांडारांतल्या हस्तलिखितांनी विसाव्या शतकात भारतीय भाषांच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. पुष्पदंत या कवीचं 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलं आणि 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी. दोन्ही अपभ्रंश काव्यं कारंजाहूनच प्रसिद्ध झाली. मराठीच्या जन्माआधीच्या भाषेचा एवढा मोठा ठेवा एका वऱ्हाडी गावाच्या पेट्यांत शतकानुशतकं बांधलेला होता.

हेच हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक होते, आणि तिथूनच त्यांनी त्याहून अवघड काम हाती घेतलं. 'षट्खंडागम' हा दिगंबरांचा अतिप्राचीन सिद्धान्तग्रंथ आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका कर्नाटकातल्या मूडबिद्रीला ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होती. लोक तिचं दर्शन घेत, तिला नमस्कार करत. वाचणारं मात्र जवळपास कोणी उरलं नव्हतं. नकला करायला, त्या बाहेर न्यायला, छापायला विरोध होता. अखेर १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापून आला आणि १९५९ पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले. या ग्रंथाचा मुख्य विषय कोणता? कर्म, आणि त्यात ज्ञानाला झाकणारं कर्मही आलं. आवरणाचं शास्त्र सांगणारा ग्रंथच शेकडो वर्षं रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवला गेला होता. त्याला झाकलं होतं ते भक्तांनी, आणि भक्तीपोटी. ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

जैन मतानुसार ज्ञान बाहेरून येत नाही. जाणणं हा जीवाचा स्वभाव आहे, जसा काचेचा स्वभाव पारदर्शक असण्याचा. कर्म आठ प्रकारचं, आणि त्यांत पहिली दोन आवरणाची: ज्ञानावरणीय आणि दर्शनावरणीय. पहिल्याचे पाच पोटभेद, दुसऱ्याचे नऊ. इतर दर्शनांत कर्म म्हणजे बहुधा कृत्य, संस्कार किंवा एखादी अदृष्ट शक्ती. इथे मात्र ते चक्क द्रव्य आहे. अतिसूक्ष्म पुद्गल, जे सगळ्या जगात भरून राहिलेले आहेत. मन, वाणी आणि काया हलली की जीवाच्या प्रदेशांत स्पंदन होतं. त्याला 'योग' म्हणतात. त्या स्पंदनाने पुद्गल ओढले जातात, जीवाला चिकटतात आणि कर्म होतात. वाफ हवेत होतीच. थेंब झाली ती या काचेवर, या माणसांच्या श्वासाने.

दहाव्या शतकातल्या नेमिचंद्राचार्यांनी 'गोम्मटसार' ग्रंथात आठ कर्मांना आठ उपमा दिल्या आहेत. दर्शनावरणीय म्हणजे राजाला भेटू न देणारा द्वारपाल, मोहनीय म्हणजे मद्य, अंतराय म्हणजे देणगी अडवून धरणारा भांडारी. आणि ज्ञानावरणीय म्हणजे झाकणारं वस्त्र. उपमा सुंदर आहे. पण ती ज्या काळात सुचली त्या काळात बंद काचेच्या गाडीत पाच माणसं बसत नसत. वस्त्र कोणीतरी बाहेरून घालावं लागतं. आपल्याच आतून उठून आपल्याच नजरेवर बसणारी, जिचा एकही थेंब दुसऱ्याच्या नावावर घालता येत नाही अशी वस्तू दाखवायची, तर धूसर काच वस्त्राहून जवळची ठरते.

इथे एक खरी अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. श्वासच जर काच झाकत असेल, तर जिवंत असणं हाच गुन्हा ठरतो का? जप करणाऱ्या आजींचा श्वास आणि मनात कोणाचं वाईट चिंतणाऱ्याचा श्वास काचेला सारखाच. मग पुण्य करून काय मिळालं?

जैन आचार्यांनी प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला फार धीट उत्तर दिलं आहे. कुंदकुंदाचार्य 'समयसारा'त म्हणतात की बेडी लोखंडाची असो वा सोन्याची, बांधण्याचं काम दोन्ही करतात. पुण्यकर्मही बंधच. पहिल्या भागाचं उत्तर मात्र अधिक नाजूक आहे, आणि ते समजायला पुन्हा काचेकडे यावं लागतं.

पाणी पारदर्शक असतं. मग पाण्याचे थेंब बसले तर काच पांढरी का पडते? कारण ते थेंब अगदी बारीक, सुटे, गोल असतात आणि प्रत्येक थेंब उजेडाला वेगळ्या दिशेने वळवतो. उजेड अडत नाही, विस्कटतो. म्हणून तर समोरून दिवे आले की अधिक उजेड असून कमी दिसतं. तेच पाणी काचेवर सपाट, एकसंध पापुद्रा होऊन पसरलं तर आरपार दिसतं. पाण्याने पसरायचं की थेंब धरायचं, हे काचेच्या पृष्ठभागावर ठरतं. हातांचं तेल, सिगारेटचा धूर, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हात उडून बसलेला चिकटा, पुसायच्या मळक्या फडक्यातली ओशटता, या सगळ्यांमुळे पाणी आकसून थेंब धरतं. कापलेला बटाटा काचेवर घासणं, पातळ शॅम्पू लावून कोरड्या कापडाने पुसणं, हे ट्रकवाल्यांचे जुने उपाय याच कारणाने थोडे चालतात: पाण्याला ते थेंब होऊ देत नाहीत.

जैन कर्मशास्त्रात या ओशटतेला नेमकं नाव आहे: कषाय. क्रोध, मान, माया, लोभ. नुसत्या योगाने, म्हणजे नुसत्या हालचालीने, कर्म येतं. ते टिकतं कषायाने. तेल लावलेल्या अंगाला धूळ चिकटते, कोरड्या अंगाची झटकली की जाते. 'उत्तराध्ययन' सूत्रात याचा एक देखणा दृष्टान्त आहे: भिंतीवर मातीचे दोन गोळे फेकले, एक ओला आणि एक सुका, ओला चिकटला, सुका खाली पडला. ज्याचे कषाय संपले त्या केवलीलाही शरीर आहे, तो चालतो, बोलतो, त्याच्याही हालचालीने कर्म येतं. पण ते ईर्यापथ कर्म. स्पर्श करतं आणि लगेच गळून जातं. श्वास तोही घेतो. काच मात्र स्वच्छ आहे. म्हणजे अपराध जगण्याचा नाही. एवढा फरक करून ठेवल्यामुळेच हे शास्त्र माणसाला जगण्याची लाज वाटायला लावत नाही, आणि त्याचं मोठेपण इथे आहे.

काचेवर कितीही वाफ धरली तरी पूर्ण अंधार होत नाही, हेही लक्षात घेण्यासारखं. जैन आगमांत सूर्याचा दाखला येतो: कितीही दाट ढग आले तरी दिवस आणि रात्र यांतला फरक कळण्याइतका उजेड राहतोच. अगदी खालच्या पायरीवरच्या निगोद जीवातही ज्ञानाचा एक कण कायम उघडा असतो. तोही झाकला गेला तर जीव आणि दगड यांत भेदच उरणार नाही. याच कारंजा गावी नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला. दत्तभक्तांच्या श्रद्धेनुसार हे मूल मुंजीपर्यंत ॐकाराखेरीज काही बोललं नाही आणि मुंजीत त्याच्या तोंडून वेद प्रकटले. संप्रदाय वेगळा, तत्त्वज्ञानही वेगळं, पण गावाच्या दोन्ही आळ्यांत एक समजूत समान दिसते: जे प्रकटलं ते आधी आत होतंच.

मग चालकाने करायचं काय? फडक्याने पुसणं हा पहिला उपाय सुचतो आणि तोच सर्वांत लंगडा. पुसल्याने आधीचं पाणी जातं, नवं येणं थांबत नाही. 'तत्त्वार्थसूत्रा'त उमास्वातींनी या दोन कामांना दोन नावं दिली आहेत: येणारं थांबवणं म्हणजे संवर, साठलेलं झाडून टाकणं म्हणजे निर्जरा. तळ्याचा दृष्टान्त इथेही प्रसिद्ध आहे. आधी पाण्याच्या वाटा बंद करा, मग उपसा आणि ऊन तळं आटवतील. वाटा उघड्या ठेवून उपसत बसलात तर जन्म जाईल. हातात फडकं घेऊन शंभराच्या वेगाने जाणारी गाडी चालवणारा माणूस वाटा उघड्या ठेवून उपसतो आहे, आणि पाच जिवांचा भार घेऊन उपसतो आहे.

संवर कुठे आहे, तर डॅशबोर्डवरच्या एका बटणात. मोटारीच्या चित्रात वळून येणारा बाण असलेलं ते बटण दाबलेलं असलं की गाडी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहते. धूळ नको, डिझेलचा वास नको, गारठा नको, म्हणून बहुतेक जण ते दाबून ठेवतात आणि विसरतात. ते बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. बाहेरची हवा गार असते, पण तिच्यात पाणी कमी असतं. आत येऊन तापली की ती कोरडी पडते आणि काचेवरची ओल उचलते. दुसरी गोष्ट अनेकांना पटत नाही: थंडीतही एसी चालू करायचा, सोबत हीटर ठेवायचा आणि झोत पुढच्या काचेवर सोडायचा. एसीच्या गार नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन गाडीखाली टपकून जाते, मग तीच कोरडी हवा हीटरवरून गरम होऊन काचेला लागते. ती नवा थेंब बसू देत नाही आणि जुना सुकवते. उमास्वातींनी तपाबद्दल हेच सांगितलं आहे की त्याने निर्जरा होते आणि संवरही. तप या शब्दाचा मूळ अर्थ ताप, उष्णता. मागच्या काचेत ज्या बारीक तपकिरी तारा असतात, त्या तर काचेलाच तापवतात.

उपमेला सीमा आहे, आणि प्रामाणिकपणे ती सांगायला हवी. मोटारीत पाहणारा वेगळा आणि काच वेगळी. जैन विचारात जाणणारा जीव हीच काच. तिथे खिडकी खाली करून मान बाहेर काढायची सोय नाही. शिवाय पावसाळ्यात उलटा प्रकार होतो: आत एसीने काच गारठते, बाहेर दमट हवा असते आणि थेंब बाहेरच्या बाजूने धरतात. अशा वेळी आतून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. वायपर एकदा फिरवावा लागतो. बौद्धांचा पाहुणा तिथे खरा ठरतो. अनुभवी चालक म्हणून आधी काचेला बोट लावून पाहतो की ओल कोणत्या बाजूला आहे. श्रावक रोज सांजसकाळ प्रतिक्रमण करतो, दिवसभरात कुठे चुकलं ते आठवतो, तेव्हा तोही असंच बोट लावून पाहत असतो.

नागपूरची गाडी उजाडता उजाडता शिरपूरला पोचते. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जाई, आता दोरा जाण्याइतकीच फट उरली, असं सांगतात. या मूर्तीच्या पूजेवरून दिगंबर आणि श्वेतांबर समाजांतला वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. चार दशकं बंद राहिलेलं मंदिर मार्च २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. सर्वोच्च न्यायालयापुढे तेव्हा मूर्तीला लेप लावण्याचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंच्या भाविकांच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि दोघांनाही मूर्ती आपापल्या परंपरेच्या काचेतून दिसते. प्रत्येक दृष्टीत सत्याचा अंश असतो असं सांगणारा अनेकांतवाद ज्या धर्माने जगाला दिला, त्याच्याच दोन लेकरांची ही परीक्षा आहे, आणि ती संपलेली नाही.

त्या रात्री मुक्काम धर्मशाळेत होतो. दिवसभर गाडी उन्हात उभी असते, काच लख्ख, तिच्यावर काही आहे असं कोणाला वाटतही नाही. बांधलं गेलेलं कर्म लगेच फळत नाही. मधल्या निपचित काळाला शास्त्रात आबाधाकाळ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे परतीला सगळी गाडीत बसतात, दारं लागतात, पाच जणांचा श्वास पुन्हा गार काचेला लागतो. आणि मागच्या खिडकीवर, काल नातीने गिरवलेली दोन अक्षरं हळूहळू उमटतात: 'आजी'. बोटाचं तेल जिथे लागलं होतं तिथे थेंब वेगळे धरले आहेत. नातीला ती जादू वाटते. आजी अक्षरांकडे बघत राहतात. चालक खाली उतरून नळाकडे जातो, फडकं धुतो, पिळतो आणि त्याला साबण लावून परत येतो.